आंबियाच्या आधी सॉफ्टवेअर चालू करायचंय? मग तयारी मृगात

नागपूरच्या कळमना बाजारातल्या संत्र्याच्या अडतीसाठी हिशोबपट्टीचं, म्हणजे शेतकऱ्याला मालाचं वजन, भाव आणि कपाती दाखवून देतात त्या पट्टीचं सॉफ्टवेअर करायचं, तर आधी कॅलेंडर उघडा. संत्र्याचे बहार दोन: मृगाचा माल बाजारात येतो साधारण फेब्रुवारी ते एप्रिल, आंबियाचा ऑक्टोबर ते डिसेंबर. म्हणजे गरजा समजून घ्यायच्या त्या मृगाचा माल बाजारात उतरत असताना, आणि सॉफ्टवेअर चालू करायचं ते संत्र्याची आवक थांबलेली असताना, जुलै-ऑगस्टात. बऱ्याच टीम नेमकं उलट करतात. पावसाळ्यात निवांत बसून मालकाशी बोलतात, तेव्हा दाखवायला माल नसतो. मग ऐन ऑक्टोबरात, बाहेर गाड्यांची रांग असताना, मुनीमजींपुढे नवा स्क्रीन ठेवतात. गरजा, आराखडा, बांधणी, चाचणी, चालू करणं, देखभाल ही नावं पाठ असून भागत नाही. कुठला टप्पा कुठल्या महिन्यात पडतो ते आधी ठरवा.

गरजांच्या टप्प्यातून बाहेर पडताना हातात गेल्या हंगामाच्या भरलेल्या किमान ५० पट्ट्यांच्या झेरॉक्स हव्यात, आणि त्यातल्या दहा तरी खाडाखोडीच्या. स्वच्छ पट्टी छापील नमुना सांगते, खाडाखोड खरा नियम सांगते: वजन का बदललं, चुरी (बारीक फळं) वेगळी का काढली, उचल (शेतकऱ्याने आधी घेतलेले पैसे) कुठे वळती केली. मालकाइतकाच वेळ मुनीमजींना आणि काट्यावरच्या माणसाला द्या. भाव टनावर बोलला जातो की क्विंटलवर, वजनात सूट किती धरतात, अडत, हमाली, तोलाई कोणाच्या नावे पडते, हे प्रत्येकाला वेगवेगळं विचारा. उत्तरं जुळली नाहीत तर सगळ्यांना एकत्र बसवा. छापलेली पट्टी नंतर कोण बदलू शकतो, हा प्रश्न राहिला की पुढे भांडण ठरलेलं. आणि सॉफ्टवेअर काय करणार नाही, त्याचं एक पान वेगळं लिहून सही घ्या. ते पान नसेल तर जूनमध्ये ‘थोडं गोदामाचंही घालून द्या ना’ सुरू होतं.

आराखड्यात चार-पाच गोष्टींवर अडून बसा. रक्कम पैशांत आणि वजन ग्रॅममध्ये, दोन्ही पूर्णांक म्हणून साठवा. फ्लोट, म्हणजे अपूर्णांक अंदाजे साठवणारा प्रकार, वापरला की कधीतरी बेरीज एका पैशाने चुकते आणि तो पैसा शोधण्यात अख्खी दुपार जाते. दर आणि कपाती कोडमध्ये लिहू नका, लागू झाल्याच्या तारखेसह तक्त्यात ठेवा, म्हणजे जुनी पट्टी पुन्हा छापली तरी जुन्याच दराने निघेल. वेळ यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) साठवायला हरकत नाही, पण दिवसाचा हिशोब भारतीय वेळेनेच काढा. पहाटे ४:४५ ची पट्टी यूटीसीत आदल्या दिवशीच्या रात्री ११:१५ ची होते आणि रोजमेळ जुळत नाही. नावाच्या रकान्याची लांबी बाइटमध्ये मोजली जाते की अक्षरांत, हेही पाहून घ्या. ‘संत्र्याचे’ डोळ्याला तीन अक्षरं दिसतात, पण युनिकोड या अक्षरसंकेतात ते दहा घटक आहेत आणि यूटीएफ-८ या साठवणीच्या पद्धतीत ३० बाइट. काट्यावर नेट गेलं तरी पट्टी निघाली पाहिजे, ही सोय नंतर चिकटवता येत नाही.

बांधणीबद्दल फार सांगायला नको: गिट (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन) पहिल्या दिवसापासून, पासवर्ड कोडबाहेर, दर दोन आठवड्यांनी मुनीमजींना चालतं काहीतरी दाखवायचं. टप्पे धबधब्यासारखे एकाखाली एक काढणारी आकृती विन्स्टन रॉइस यांच्या १९७० च्या लेखातली म्हणून दाखवतात, पण तसं सरळ खाली जाणं धोक्याचं आहे असं त्यांनीच तिथे लिहून ठेवलंय. कोडमधला एक खड्डा मात्र खास आपल्याकडचा. मोबाइलच्या मराठी कीबोर्डवरून कोणी ‘१२४०’ टाकलं की पायथन ते नीट वाचतं, जावास्क्रिप्टचं नंबर फंक्शन ‘नॅन’, म्हणजे ‘हा आकडाच नाही’, असं उत्तर देतं. आकडे आत येतानाच बदलून घ्या.

चाचणीसाठी हाताने सोडवलेली उदाहरणं मृगातच तयार ठेवा. उदाहरणार्थ ६२ क्रेट, भरलेलं वजन १,३६४ किलो, रिकामं क्रेट २ किलोचं. निव्वळ माल १,२४० किलो. टनाला २८,५०० रुपये भावाने ३५,३४० रुपये. क्रेटचं वजन वजा करायचं राहिलं तर ३८,८७४ येतात, म्हणजे एकाच पट्टीत ३,५३४ रुपयांचा घोळ. मग शून्य क्रेट, अर्धवट क्रेट, एकाच गाडीत दोन शेतकऱ्यांचा माल, मालापेक्षा उचल जास्त असंही करून पाहा. छपाई खऱ्या प्रिंटरवरच तपासा. बऱ्याच थर्मल प्रिंटरमध्ये देवनागरी फॉन्ट नसतो, तेव्हा पट्टी चित्र म्हणून पाठवावी लागते. मराठी एसएमएस ७० घटकांचा. त्यापुढे गेला की त्याचे ६७-६७ चे तुकडे पडतात आणि पैसे दुप्पट लागतात. एसएमएसचा मजकूर डीएलटीवर (मोबाइल कंपन्यांच्या नोंदणी व्यवस्थेवर) आधी मंजूर करून घ्यावा लागतो, ते काम शेवटच्या आठवड्यावर ढकलू नका.

चालू करताना निदान दोन आठवडे वही आणि सॉफ्टवेअर दोन्ही चालू द्या. मोसंबीची किंवा दुसऱ्या फळाची थोडी आवक असेल तर तिच्यावरच. रोज संध्याकाळी दोन्हीच्या बेरजा समोरासमोर लावा, आणि फरक पडला तर त्याच दिवशी शोधा. शेतकऱ्यांच्या जुन्या बाक्या चढवल्यावर एकूण रक्कम वहीशी जुळल्याची मालकाची सही घ्या. परत जुन्यावर जायचं झालं तर पायऱ्या कोणत्या, ते कागदावर लिहून काट्याशेजारी चिकटवा. नेट नसताना लिंक कोण उघडणार? बॅकअप घेतलाय एवढ्यावर भागवू नका, दुसऱ्या मशीनवर तो उतरवून एक जुनी पट्टी छापून पाहा. यूपीएस, एक जादा प्रिंटर, लिलावाच्या वेळी तिथे बसणारा आपला एक माणूस, एवढं पहिल्या आठवड्यात हवंच.

देखभालीचं निम्मं काम तारखांचं: एसएसएल प्रमाणपत्र, डोमेन, एसएमएसची शिल्लक. लॉग (सिस्टीमच्या आपोआप होणाऱ्या नोंदी) १८० दिवस ठेवा, सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या २०२२ च्या निर्देशांत तसंच आहे. बदलाची प्रत्येक मागणी एकाच वहीत लिहा, आणि ऑक्टोबर ते डिसेंबर फक्त बिघाड दुरुस्त करा, नवीन काही चढवू नका. थर्मल कागदावरची छपाई हळूहळू पुसट होते, म्हणून प्रत्येक पट्टीची पीडीएफ प्रत शेतकऱ्याच्या मोबाइलवर जाऊ द्या. आणि कागदाचे रोल मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत ठेवू नका, काळे पडतात.