घरासाठी गेम कन्सोल घेताय? आधी या चुका टाळा

पाडव्याची सकाळ. नवे कपडे, मांडीवर फराळाच्या ताटल्या, टीव्हीला जोडायच्या नव्या गेम कन्सोलच्या खोक्याला हळदकुंकू वाहून झालेलं आणि आम्ही चौघं टीव्हीकडे बघत बसलेलो. पडद्यावर एक रेघ मुंगीच्या पावलांनी सरकत होती. आधी कन्सोलचं अपडेट, मग गेमचं डाउनलोड. गेम ९० जीबीचा, आमचं ब्रॉडबँड ४० एमबीपीएसचं. म्हणजे सगळं सुरळीत चाललं तरी पाच तास. दुपारची जेवणं झाली, भांडी घासून झाली. तीनच्या सुमाराला एकदाचा खेळ सुरू झाला, तेव्हा कळलं की तो एकट्यानेच खेळायचा आहे. कंट्रोलरही एकच. थोरलीने तो हातात घेतला आणि नऊ वर्षांचा धाकटा रडत आत निघून गेला.

पंचेचाळीस हजार रुपये मोजले आणि पहिल्याच दिवशी घरात रडारड. तेव्हापासून नात्यात किंवा सोसायटीत कुणी विचारलं, "कोणता घेऊ गं?", तर मी आधी त्यांच्या घरात कोण कोण आहे ते विचारते.

यंत्र आधी ठरवणं, माणसं नंतर

बाकीच्या बहुतेक चुका या एकाच चुकीतून निघतात. दुकानात किंवा मोबाइलवर आपण ४के, टेराफ्लॉप, एसएसडी असले शब्द वाचत बसतो. घरात मात्र प्रश्न वेगळाच असतो: कोण, कुणाबरोबर, किती वाजता खेळणार?

एका कागदावर घरातल्या माणसांची नावं लिहा. प्रत्येकापुढे वय लिहा, मोकळा वेळ लिहा आणि टीव्ही त्या वेळी कुणाच्या ताब्यात असतो तेही लिहा. आमच्याकडे संध्याकाळी सात ते दहा सासूबाईंच्या मालिका असतात. त्या वेळेत हॉलमधला टीव्ही मागायचा नाही, हे मुलांनाही माहीत आहे. शाळा, क्लास आणि मालिका यांतून उरलेला वेळ मोजला, तर सोमवार ते शुक्रवार मिळून जेमतेम दोन तास निघाले. हा हिशेब खरेदीच्या आधी केला असता, तर आमची निवड वेगळी झाली असती.

प्लेस्टेशन ५ वरचे गाजलेले मोठे खेळ, म्हणजे 'गॉड ऑफ वॉर रॅग्नारॉक' किंवा 'स्पायडर-मॅन २', एकट्याने खेळायचे आहेत. खेळ उत्तमच आहेत, पण बाकीच्यांनी नुसतं बघत बसायचं. कन्सोलमध्ये आधीपासून भरलेला 'अ‍ॅस्ट्रोज प्लेरूम' लहानांना फार आवडतो, तोही एकट्याचाच. एका सोफ्यावर बसून एकत्र खेळायचं असेल, तर तसे खेळ आधी शोधा आणि मग ते कोणत्या कन्सोलवर चालतात ते बघा. 'माइनक्राफ्ट' कन्सोलवर चौघांना पडदा वाटून खेळता येतो. फुटबॉलचा 'ईए एफसी' आणि क्रिकेटचा 'क्रिकेट २४' दोघांत छान रंगतात. 'मारिओ कार्ट ८ डिलक्स' एकाच निन्टेंडो स्विचवर चौघं खेळू शकतात, आणि स्विचच्या खोक्यात जॉय-कॉन नावाचे दोन छोटे कंट्रोलर असल्यामुळे पहिल्या दिवसापासून दोघांची सोय होते.

माझ्या नणंदेकडे स्विच आहे. तिथे सासूबाईंनी जॉय-कॉनचा पट्टा मनगटात अडकवला, पदर खोचला आणि 'स्विच स्पोर्ट्स'मधलं बोलिंग खेळायला त्या उभ्या राहिल्या. पहिले दोन चेंडू गटारात गेले. तिसऱ्याला दहाच्या दहा पिना पडल्या आणि नातवंडांनी घर डोक्यावर घेतलं. टीव्ही मोकळा नसला तर स्विच हातात धरूनही खेळता येतो. मालिकांच्या घरात ही केवढी सोय आहे, हे वेगळं सांगायला नको.

आणि कागदावर जर एकच नाव उरलं, तेही यंदा दहावीला असलेलं, तर खरेदी पुढच्या मे महिन्यावर टाका.

खोक्याची किंमत म्हणजेच खर्च समजणं

एप्रिल २०२४ मध्ये प्लेस्टेशन ५ ची स्लिम आवृत्ती (पीएस ५ स्लिम) भारतात आली, तेव्हा डिजिटल, म्हणजे सीडीशिवाय फक्त डाउनलोडवर चालणारी, ४४,९९० आणि सीडी घालायची सोय असलेली ५४,९९० रुपयांना होती. सणासुदीला दर खाली येतात, एरवी वर जातात, त्यामुळे आजचा आकडा आज बघा. पण हिशेबाची पद्धत तीच. दुसरा कंट्रोलर साधारण सहा हजार. नवा मोठा खेळ चार ते पाच हजार. पहिल्या वर्षात दोन खेळ धरले, तरी पंचेचाळीसचे साठ हजार होतात.

सगळ्यात जास्त फसगत होते ती डिजिटलचे दहा हजार वाचवताना. आम्हीही तेच केलं. डिजिटलवर घेतलेला खेळ संपला की संपला. तो विकता येत नाही, भाचीला द्यायचा म्हटलं तर तेही जमत नाही. सीडी असेल तर खेळून झाल्यावर विकता येते, मित्राशी अदलाबदल होते आणि जुन्या सीड्या स्वस्तात मिळतात. वर्षाला चार-पाच खेळ घेणाऱ्या घराचे ते दहा हजार दोन-तीन वर्षांत वसूल होतात. स्लिमला सीडीचा ड्राइव्ह नंतर वेगळा घेऊन जोडता येतो, पण पहिल्यांदा जोडताना इंटरनेट लागतं. मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स सिरीज एस या कन्सोलला मात्र तो कधीच जोडता येत नाही. घरात जुन्या एक्सबॉक्सच्या सीड्या पडून असतील, तर त्या त्यावर चालणार नाहीत.

सबस्क्रिप्शनबद्दल बरेच गैरसमज आहेत. एका घरात, एका टीव्हीवर मिळून खेळायला कसलंही सबस्क्रिप्शन लागत नाही. विकत घेतलेला खेळ इंटरनेटवरून दुसऱ्यांशी खेळायचा असेल, तर प्लेस्टेशनवर प्लेस्टेशन प्लस किंवा एक्सबॉक्सवर गेम पास लागतो. 'फोर्टनाइट'सारख्या फुकट खेळांना ऑनलाइन असूनही तो लागत नाही. दुकानदाराने गळ्यात मारलं म्हणून वर्षाचं पॅक घेऊ नका. आधी एक महिन्याचं घेऊन बघा.

इंटरनेट आणि जागा गृहीत धरणं

फक्त मोबाइलच्या हॉटस्पॉटवर चालणारं घर असेल, तर थांबा. दिवसाला २ जीबी या हिशेबाने ९० जीबीचा एक खेळ उतरायला पंचेचाळीस दिवस लागतील. सीडी घेतली तरी सुटका नाही, कारण खेळ कन्सोलवर भरावा लागतोच आणि वर अपडेट येतात.

जागेचं तसंच. सिरीज एसवर ५१२ जीबी लिहिलेलं असतं, खेळांसाठी त्यातले ३६४ उरतात. म्हणजे मोठे चार खेळ झाले की पाचव्यासाठी एक काढा. स्विचची पुढची पिढी असलेल्या स्विच २ मध्ये २५६ जीबी आहेत आणि त्याला मायक्रोएसडी एक्सप्रेस हेच कार्ड लागतं. घरातलं जुनं कार्ड घालून खेळ भरता येत नाहीत. स्विच २ च्या काही खेळांच्या कार्डात तर खेळ नसतोच, फक्त किल्ली असते. खेळ डाउनलोडच करावा लागतो. खोक्यावर तसं छापलेलं असतं, ते वाचून घ्या.

कन्सोलसाठी टीव्ही बदलायला निघणं

३२ इंची साधा टीव्ही असेल, तर पहिलं वर्ष त्यावरच खेळा. मुलांना चित्रातला फरक कळायच्या आधी खेळ आवडतो की नाही ते कळतं.

परदेशातून मागवणं

अमेरिकेतला किंवा दुबईतला काका येताना कन्सोल घेऊन येतो, हे आपल्याकडे घरोघरी चालतं. यंत्र चालतंही, पण वॉरंटी ज्या देशात घेतलं तिथली. इथे बिघडला तर स्वतःच्या खिशातून दुरुस्ती. निन्टेंडोने स्विच भारतात अधिकृतपणे आणलेला नसल्याने इथे मिळतो तो बाहेरून आलेलाच. तेव्हा दुकानदार स्वतःच्या सहीशिक्क्याने किती महिन्यांची हमी देतो, ते बिलावर लिहून घ्या. प्लेस्टेशनचं खातं उघडताना निवडलेला देश नंतर बदलता येत नाही, म्हणून काकाच्या खात्यावर सुरुवात करू नका.

मुलाचं वय वाढवून खातं उघडणं

ही चूक मी स्वतः केली नाही, पण सोसायटीतल्या निम्म्या घरांत बघितली आहे. भराभर पुढे जायचं म्हणून मुलाची जन्मतारीख पंधरा वर्षं मागे टाकायची. कन्सोलच्या लेखी मूल मोठं झालं, आणि मग वेळेची मर्यादा, खर्चाची मर्यादा, अनोळखी लोकांशी बोलण्यावरची बंदी, यातलं काहीच लावता येत नाही. आधी पालकाचं खातं उघडा, त्याखाली मुलाचं खऱ्या जन्मतारखेने उघडा. प्लेस्टेशनवाली सोनी, एक्सबॉक्सवाली मायक्रोसॉफ्ट आणि निन्टेंडो, या तिन्ही कंपन्यांचं पालकांसाठी मोबाइल अ‍ॅप आहे. स्वयंपाकघरातून अर्धा तास वाढवून देता येतो.

आपल्याकडे मिळणाऱ्या बहुतेक सीड्यांच्या खोक्यावर पेगी या युरोपीय पद्धतीचा वयाचा आकडा असतो: ३ आणि ७ हिरव्यात, १२ आणि १६ नारिंगीत, १८ लाल रंगात. 'जीटीए ५' लाल १८ आहे. "वर्गातले सगळे खेळतात" हे कारण दहा वर्षांच्या मुलाला पुरेसं नाही, या मतावर मी ठाम आहे. क्रेडिट कार्ड खात्यात साठवून ठेवू नका. वॉलेटमध्ये ठरलेली रक्कम भरा आणि तेवढीच खर्चू द्या.

घेऊन झालाय, आणि अडतंय

पहिल्या दिवसाचा घोळ टाळायचा असेल, तर सणाच्या दोन दिवस आधी, मुलं झोपल्यावर, खोकं उघडून अपडेट आणि एक खेळ भरून ठेवा. परत बंद करून ठेवलेलं खोकंही मुलांना नवंच असतं.

पीएस ५ सुरू होतो पण चित्र येत नाही, असं झालं तर आधी केबल टीव्हीच्या दुसऱ्या एचडीएमआय भोकात लावून बघा. तरीही नाही आलं, तर कन्सोल पूर्ण बंद करा आणि पॉवरचं बटण दाबून धरा. एक बीप होईल, सुमारे सात सेकंदांनी दुसरी. मग बोट काढा. कंट्रोलर वायरने जोडा आणि मधलं पीएस बटण दाबा. समोर सेफ मोड येईल, त्यात व्हिडिओ आउटपुट बदलायचा पर्याय असतो.

बटण दाबल्यावर खेळाडू उशिरा उडी मारतो, अशी तक्रार असेल, तर तो बहुधा टीव्हीचा दोष. टीव्हीच्या सेटिंगमध्ये गेम मोड लावा.

पंखा घोंघावतोय? काचेचं दार असलेल्या टीव्ही युनिटच्या खणातून कन्सोल बाहेर काढा. भिंतीपासून निदान १० सेंटीमीटर जागा सोडा. आमचा खणात होता तेव्हा वरची फळी हाताला गरम लागायची. बाहेर काढल्यापासून आवाज आला नाही.

जागा भरली तर यूएसबी हार्ड डिस्कवर खेळ हलवून ठेवता येतात. पीएस ५ किंवा सिरीज एससाठी बनलेले नवे खेळ मात्र तिथूनच चालत नाहीत, खेळताना परत आत आणावे लागतात. तरी नव्याने डाउनलोड करण्यापेक्षा ते लवकर होतं.

वीज वारंवार जात असेल, तर कन्सोल रेस्ट मोडमध्ये, म्हणजे अर्धवट झोपेत, न ठेवता पूर्ण बंद करायची सवय लावा.

आमच्याकडे पुढच्या जानेवारीत दुसरा कंट्रोलर आला आणि त्याबरोबर 'ओव्हरकुक्ड'. हा हॉटेलच्या स्वयंपाकघराचा खेळ आहे: कुणी कांदा चिरायचा, कुणी सूप उकळायचं, कुणी ताटल्या धुवायच्या. आता शनिवारी जेवणं झाली की धाकटा ओरडत असतो, "ताई, सूप करपतंय, उतरव!" आणि सासूबाई मालिका संपल्यावरही तिथेच बसून असतात.