प्रवासात फॅशन व्हिडिओ करण्यासाठी तीन किलोच्या आतली बॅग कशी भरावी

फॅशनच्या व्हिडिओत बघणाऱ्याची नजर कपड्यावर असते. रंग खरा दिसतो का, पोत कळतो का, कपडा अंगावर कसा पडतो, हेच तो पाहतो. तरी प्रवासाला निघताना सगळं लक्ष जातं कॅमेऱ्याकडे. दुसरी लेन्स, गिंबल (कॅमेरा हलू न देणारी मूठ), ड्रोन भरले जातात आणि सुरकुत्या काढायचं साधन मात्र घरीच राहतं. मग महागड्या कॅमेऱ्यात चुरगळलेला ड्रेस अगदी स्पष्ट दिसतो. म्हणून वजनाचा हिशोब उलट्या बाजूने करावा: कपडा नीट दिसण्यासाठी लागणाऱ्या वस्तू आधी, कॅमेरा नंतर.

पायरी १: शॉट लिहून काढा, मग वस्तू निवडा

एका कपड्यामागे साधारण पाच शॉट पुरतात: पूर्ण उंचीचा एक, चालतानाचा एक, मागून एक आणि कापडाचे जवळून दोन. किती कपडे आणि किती ठिकाणं आहेत, ते कागदावर मांडा. मग प्रत्येक वस्तूसमोर ती कोणत्या शॉटला लागणार ते लिहा. जिच्यासमोर काहीच लिहिता येत नाही, ती घरी ठेवा. ‘लागलीच तर’ म्हणून घेतलेल्या वस्तूच बॅग जड करतात.

एका माणसाला पुरेल अशा संचाची अंदाजे वजनं अशी:

- फोन: २०० ग्रॅम
- ट्रायपॉड, फोनच्या पकडीसह: ६०० ते ८०० ग्रॅम
- छोटा एलईडी दिवा: १५० ते २०० ग्रॅम
- घडीचा रिफ्लेक्टर, ६० सेंटिमीटर व्यासाचा: ३०० ग्रॅम
- २०,००० एमएएचची पॉवर बँक: ३५० ते ४०० ग्रॅम
- ६५ वॉटचा गॅन चार्जर (आकाराने लहान, पण ताकदवान) आणि दोन केबल: २०० ग्रॅम
- एसएसडी (फाइली साठवायची छोटी ड्राइव्ह): ६० ग्रॅम
- प्रवासी स्टीमर (वाफेने सुरकुत्या काढणारा): ७०० ते ८०० ग्रॅम
- ग्रे कार्ड (रंग जुळवायचं करडं कार्ड), क्लिपा, लिंट रोलर, लेन्स पुसायचं कापड: १०० ग्रॅम

हे सगळं तीन किलोच्या आसपास बसतं, आणि हलका ट्रायपॉड निवडला तर आतच राहतं. अनेक विमान कंपन्या केबिन बॅगेला सात किलोची मर्यादा घालतात. त्यात कपडेही बसवायचे असतील तर हा हिशोब घरच्या काट्यावरच झालेला बरा.

पायरी २: फोन की कॅमेरा, एकच काहीतरी

उभ्या ९:१६ व्हिडिओसाठी चांगला फोन पुरतो. त्याची मुख्य लेन्स मात्र रुंद कोनाची असते आणि तिथेच कपड्याचा घाट बिघडतो. मुख्य लेन्सने दीड मीटरवरून पूर्ण उंची घेतली की चौकटीच्या टोकांना असलेले पाय आणि डोकं ताणले जातात आणि कपड्याची प्रमाणं बदलतात. दोनपट झूम लावा आणि तीन ते साडेतीन मीटर मागे जा. खोली लहान असेल तर फोन एका कोपऱ्यात ठेवून समोरच्या कोपऱ्यात उभं राहा. कर्णाची लांबी नेहमीच भिंतीपेक्षा जास्त मिळते.

पूर्ण उंचीच्या शॉटला फोन कमरेच्या पातळीवर, अगदी सरळ उभा हवा. छातीच्या उंचीवरून खाली झुकवला की पाय आखूड दिसतात आणि कपड्याचा खालचा घेर दबतो.

कॅमेराच न्यायचा असेल तर लहान एपीएस-सी (मध्यम आकाराच्या सेन्सरची) बॉडी आणि ३५ मिलिमीटरची एकच लेन्स घ्या. तिचा दृश्यकोन फुल-फ्रेम (मोठ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यावरच्या सुमारे ५२ मिलिमीटर लेन्सइतका येतो. पूर्ण उंची आणि अर्धी उंची, दोन्हीला ती चालते.

गिंबल शक्यतो नको. फोनमधलं स्थिरीकरण चालतानाच्या शॉटला बहुतेक वेळा पुरतं, आणि इथे चालायचं असतं कपडा घातलेल्या माणसाने. फोन एका जागी उभा असला तरच कापडाची हालचाल उठून दिसते.

पायरी ३: ट्रायपॉड विकत घेण्याआधी तीन गोष्टी तपासा

पहिली, दीड मीटरपर्यंत उंची. दुसरी, घडी केल्यावरची लांबी. ती बॅगेच्या आतल्या लांबीपेक्षा कमी हवी, नाहीतर तिरका टाकावा लागतो आणि कपडे त्याखाली चुरगळतात. तिसरी, पाय किती फाकतात. सेल्फी स्टिकला जोडलेले बारीक पाय घरात टिकतात, पण वाऱ्याची एक झुळूक आली की फोनसकट आडवे होतात. समुद्रकिनारी किंवा गच्चीवर पाय पूर्ण फाकवा, मधला दांडा वर काढू नका आणि पिशवीत पाण्याची बाटली घालून खाली लटकवा. पिशवी जमिनीला जेमतेम टेकलेली असावी. मोकळी झोके घेत राहिली तर तीच ट्रायपॉड हलवते.

फोनची पकड स्क्रूवर घट्ट बसलेली धातूची घ्या. स्प्रिंगची प्लास्टिक पकड जड फोनला हळूहळू पुढे झुकू देते आणि अर्ध्या व्हिडिओत चौकट सरकलेली असते. ब्लूटूथ रिमोट जेमतेम १० ग्रॅमचा असतो. त्याची बटन सेल निघण्याआधी बदला. अनेक रिमोटमध्ये सीआर२०३२ असते.

पायरी ४: उजेड आणि रंग

रंग चुकला की सगळं चुकलं. मरून ड्रेस तपकिरी दिसला तर पाहणाऱ्याला चुकीची माहिती मिळते, आणि कपडा कोणी पाठवलेला असेल तर चित्रीकरण पुन्हा करावं लागतं.

सगळ्यात चांगला उजेड खिडकीचा, आणि त्याला वजन नाही. खिडकी एका बाजूला ठेवा, दुसऱ्या बाजूला पांढरा रिफ्लेक्टर धरा किंवा खुर्चीला टेकवा. चंदेरी बाजू वापरण्याचा मोह टाळा. साटन आणि टिकल्यांच्या कामावर तिचे पांढरे डाग उमटतात. पोत दाखवायचा असेल तर उजेड कापडाला जवळजवळ समांतर, बाजूने येऊ द्या. विणकामाच्या प्रत्येक टाक्याला बारीक सावली पडते आणि वीण उठून दिसते. समोरून पडणारा उजेड हाच पोत पुसून टाकतो.

खोलीतले पिवळे दिवे मात्र बंद करा. खिडकीचा उजेड साधारण ५६०० केल्विनचा (केल्विन म्हणजे उजेडाच्या रंगाचं माप), पिवळ्या दिव्याचा ३००० च्या आसपास. दोन्ही एकत्र आले की कपड्याची एक बाजू निळसर, दुसरी नारिंगी होते आणि संपादनात दोन्ही एकदम सुधारत नाहीत.

एलईडी दिवा घेताना सीआरआय (दिव्याखाली रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) ९५ किंवा जास्त आहे का पाहा. कमी सीआरआयच्या दिव्याखाली लाल आणि त्वचेचे रंग मरतात. एवढ्या लहान दिव्याकडून फार अपेक्षा ठेवू नका. अंतर दुप्पट झालं की उजेड एक चतुर्थांश उरतो, त्यामुळे तो मीटरभराच्या आतच कामाचा. दागिने, बटणं आणि भरतकामाच्या जवळच्या शॉटसाठी तो ठेवा.

प्रत्येक नव्या उजेडात आधी दोन सेकंद ग्रे कार्डचं चित्रीकरण करा. पांढरा कागद त्याऐवजी चालत नाही. कागद जास्त शुभ्र दिसावा म्हणून त्यात चमक आणणारी रसायनं घातलेली असतात आणि दिवसाच्या उजेडात तो निळसर पडतो. त्यावरून रंग जुळवला की कपडा पिवळट होतो. ग्रे कार्ड झालं की व्हाइट बॅलन्स (रंगाचा तोल) आणि एक्स्पोजर (उजेडाची मात्रा) दोन्ही लॉक करा, नाहीतर गिरकी घेताना पार्श्वभूमी बदलते आणि फोन मध्येच रंग बदलतो.

फोन स्वतःहून कुठे फसतो, तेही माहीत असावं. पांढऱ्या कपड्याला तो करडा करतो, म्हणून एक्स्पोजर किंचित वाढवा. काळ्या कपड्याला उजळून राखाडी करतो, तिथे कमी करा. भडक लाल आणि राणी रंगात घड्यांचा तपशील वितळून एकच रंगाचा पट्टा उरतो, तिथे एक्स्पोजर अर्धा स्टॉप (उजेड मोजायची पायरी) कमी करा. एचडीआर व्हिडिओ (उजळ आणि गडद भाग दोन्ही तपशिलात दाखवणारा) बंद ठेवलेला बरा, कारण तो प्रत्येक स्क्रीनवर वेगळा दिसतो. बारीक रेघा किंवा चौकडीच्या कापडावर पाण्यासारख्या लाटा दिसल्या तर ते मोआरे. अर्धा मीटर पुढे-मागे सरका किंवा झूम थोडा बदला, संपादनात ते निघत नाही.

दुकानात किंवा लॉबीत पडद्यावर आडव्या काळ्या पट्ट्या सरकल्या तर दोष तिथल्या दिव्यांचा. ५० हर्ट्झ वीज असलेल्या देशात शटरचा वेग १/५० किंवा १/१०० सेकंद ठेवा, ६० हर्ट्झच्या देशात १/६० किंवा १/१२०. फोनच्या मूळ ॲपमध्ये शटर ठरवता येत नसेल तर तशी सोय देणारं ॲप निघण्याआधीच उतरवून घ्या.

पायरी ५: सुरकुत्या

स्टीमर विकत घेताना आणि भरताना तळाची चिठ्ठी वाचा. ‘१००-२४० व्होल्ट’ असेल तर तो कुठेही चालेल. फक्त ‘२२०-२४०’ असेल आणि तिथली वीज ११० ते १२० व्होल्टची असेल, तर साधारण चौथा हिस्सा शक्ती मिळते आणि वाफच होत नाही. उलट ११० व्होल्टचा स्टीमर २३० व्होल्टवर लावला तर जळतो. प्लगचा ॲडॅप्टर फक्त पिनांचा आकार बदलतो, व्होल्टेज नाही, आणि इथेच पुष्कळ लोक फसतात. हेअर स्ट्रेटनरलाही हाच नियम. पॉवर बँकेवर यांपैकी काहीच चालत नाही.

पहिली वाफ हवेत सोडून द्या, तिच्याबरोबर पाण्याचे थेंब येतात. रेशमावर थेंब पडला की डाग राहतो, म्हणून रेशीम उलट्या बाजूने आणि थोडं अंतर राखून वाफवा. मखमलही मागूनच. चामड्याला वाफ लावूच नका. वाफवल्यावर दहा मिनिटं कपडा टांगून ठेवा. गरम, ओलसर कापड लगेच अंगात घातलं की कोपरात आणि कमरेत नव्या चुण्या पडतात. परत बॅगेत ठेवताना स्टीमरमधलं पाणी पूर्ण ओता आणि तो थंड होऊ द्या.

बरोबर चार-सहा लहान क्लिपा ठेवा. ढगळ कपडा मागून चिमटला की समोरून बेतून शिवल्यासारखा बसतो, फक्त त्या वेळी मागचा शॉट घ्यायचा नाही. आणि ज्या व्हिडिओत कपड्याचं माप सांगायचं आहे तिथे क्लिपा अजिबात नकोत, ती बघणाऱ्याची फसवणूक होते.

पायरी ६: आवाज

व्हिडिओवर नंतर निवेदन किंवा संगीत जाणार असेल तर माइक घेऊच नका. निवेदन फोनवर, कपड्यांनी भरलेलं कपाट उघडून त्याच्यासमोर बसून करा. कपडे प्रतिध्वनी शोषून घेतात. कॅमेऱ्यासमोर बोलायचंच असेल तर सगळ्यात लहान वायरलेस माइक निवडा. जड ट्रान्समीटर पातळ कापडाला खाली ओढतो आणि गळ्याचा आकार बिघडतो. ओढणीखाली किंवा हाराजवळ तो लावला की प्रत्येक वाक्याला खसखस आणि खणखण येते.

पायरी ७: वीज

पॉवर बँक आणि सुट्या लिथियम बॅटऱ्या चेक-इन सामानात चालत नाहीत, त्या केबिन बॅगेतच हव्यात. सर्वसाधारण मर्यादा १०० वॉट-अवर. १०० ते १६० च्या दरम्यान विमान कंपनीची परवानगी लागते. हिशोब सोपा आहे: एमएएचला ३.७ ने गुणा आणि १००० ने भागा. २०,००० एमएएच म्हणजे ७४ वॉट-अवर. पॉवर बँकेवर आकडा स्पष्ट छापलेला हवा, पुसट झाला असेल तर तपासणीत ती काढून घेतली जाऊ शकते. विमानात ती वापरण्याबद्दल आणि ठेवण्याच्या जागेबद्दल कंपन्यांचे नियम वेगवेगळे आहेत, तिकिटाबरोबर तेही वाचा.

७४ वॉट-अवरमधले सगळे फोनपर्यंत पोचत नाहीत, व्होल्टेज बदलताना बराच भाग उष्णतेत जातो. ५००० एमएएचचा फोन अडीच ते तीन वेळा भरेल असं धरा. दिवसा दोन-तीन तासच काम असेल तर १०,००० एमएएचची बँक पुरते आणि दीड-दोनशे ग्रॅम वाचतात.

उन्हात फोन तापला की आधी पडदा मंद होतो, मग चित्रीकरण थांबतं. कव्हर काढा, चित्रीकरण चालू असताना चार्ज करू नका, शॉटच्या मध्ये फोन सावलीत ठेवा. फ्रिजमध्ये किंवा एसीच्या झोतासमोर ठेवणं धोक्याचं, आत बाष्प धरतं. थंड खोलीतून दमट हवेत जाताना फोन आणि कॅमेरा वीस-तीस मिनिटं बंद बॅगेतच राहू द्या, नाहीतर काचेवर धुकं येतं.

पायरी ८: रंगीत तालीम, मग पॅकिंग

निघण्याच्या दोन दिवस आधी एक कपडा घालून पूर्ण संच घरात मांडा. वीस मिनिटांत पाचही शॉट व्हायला हवेत. हरवलेला स्क्रू, न जुळणारी केबल, भरलेला फोन हे सगळं तिथेच कळतं.

ट्रायपॉड बॅगेच्या कडेला उभा, स्टीमर चाकांच्या बाजूला तळाशी, रिफ्लेक्टर पाठीकडे सपाट. बॅटऱ्या आणि चार्जर एकाच पारदर्शक पाउचमध्ये सगळ्यात वर, म्हणजे सुरक्षा तपासणीत बॅग उपसावी लागत नाही. सुट्या बॅटऱ्यांच्या टोकांवर चिकटपट्टी लावा.

पायरी ९: रोज रात्री फाइली हलवा

४के, ३० फ्रेमचा व्हिडिओ एचईव्हीसी (फाइल लहान ठेवणाऱ्या) पद्धतीत मिनिटाला सुमारे १७० एमबी घेतो, ६० फ्रेमचा ४०० एमबी. रोज पाऊण तास चित्रीकरण धरलं तर ३० फ्रेमला साडेसात जीबीच्या आसपास, ६० ला अठरा. ६० फ्रेम फक्त कापडाची गिरकी किंवा उडणारा घेर संथ दाखवायचा असेल तिथे वापरा.

एसएसडीला एक्सफॅट फॉरमॅट करा म्हणजे ती फोनला आणि बहुतेक संगणकांना चालते. फोनबरोबर आलेली चार्जिंगची केबल अनेकदा यूएसबी २ ची असते. तिचा वेग सेकंदाला जास्तीत जास्त ४८० मेगाबिट, त्यामुळे फाइली हलवायला कितीतरी पट जास्त वेळ लागतो. एसएसडीबरोबरची आखूड केबल तिच्यापासून वेगळी करू नका. हलवल्यावर पहिली, मधली आणि शेवटची फाइल उघडून पाहा. फोनमधल्या मूळ फाइली, जागा आहे तोवर, घरी पोचून दुसरी प्रत होईपर्यंत पुसू नका, आणि परतीच्या प्रवासात फोन खिशात, एसएसडी बॅगेत अशा वेगळ्या ठेवा.