किती वॅटचा बल्ब लावायचा? उजेड आणि उष्णतेचा हिशेब

बेळगावात विजेच्या सामानाच्या दुकानात उभं राहिलं की अजूनही "एक साठचा द्या" असं कानावर पडतं. मागणाऱ्याच्या डोळ्यांसमोर जुन्या पिवळ्या बल्बचा उजेड असतो. पण वॅट हे उजेडाचं माप नव्हे. बल्ब वीज किती खातो ते वॅट सांगतात, उजेड किती देतो ते ल्यूमेन. पूर्वी घरोघरी तारेचाच बल्ब असायचा, म्हणून वॅटवरून उजेडाचा अंदाज यायचा. आता तो चुकतो.

१. खोक्यावरचे ल्यूमेन वाचा. ६० वॅटचा तारेचा बल्ब साधारण ७०० ल्यूमेन देतो. ९ वॅटचा एलईडी ८०० ते ९०० देतो. तारेच्या बल्बात तार अडीच हजार अंशांच्या आसपास तापते, तेव्हा कुठे ती उजळते. खाल्लेल्या विजेपैकी दहावा हिस्सासुद्धा दिसणारा उजेड होत नाही, बाकी सगळी उष्णता. तार जितकी जास्त तापेल तितका उजेडाचा वाटा वाढतो. मोठ्या वॅटच्या बल्बची तार जास्त तापते, म्हणून १०० वॅटचा एक बल्ब १,३०० ल्यूमेनच्या वर जातो, पण ५०-५० चे दोन लावले तर तेवढा उजेड पडत नाही.

आपल्याकडच्या खेड्यांत हे रोज दिसतं. संध्याकाळी शेतातल्या मोटरा सुरू झाल्या की व्होल्टेज पडतं आणि पिवळा बल्ब लालसर होतो. २३० ऐवजी १८० व्होल्ट आले तर बल्ब वीज साधारण एक तृतीयांश कमी खातो, उजेड मात्र निम्म्याहून खाली येतो. अशा गावात मोठ्या वॅटचा बल्ब आणून उपयोग नाही. चांगला एलईडी घ्या. त्याच्या आतलं सर्किट करंट सांभाळतं, त्यामुळे कमी व्होल्टेजलाही उजेड फारसा उतरत नाही.

२. युनिट मोजा. वॅट गुणिले तास, भागिले १,०००. ६० वॅटचा बल्ब रोज पाच तास लावला तर महिन्याला ९ युनिट होतात. ९ वॅटचा एलईडी दीड युनिटसुद्धा खात नाही. २०२३ पासून कर्नाटक सरकारच्या गृहज्योती या मोफत विजेच्या योजनेत २०० युनिटच्या आत राहणाऱ्या घरांना हा फरक जास्तच जाणवतो. देवघरातला झिरोचा बल्बही तपासा. नाव झिरो असलं तरी तो १२ ते १५ वॅट खातो, आणि रात्रभर चालू असतो.

३. वॅट वाढवण्याआधी बल्ब खाली आणा. माझ्या मते सगळ्यात उपयोगाची गोष्ट हीच. कौलारू घरात बल्ब आढ्याजवळ लटकलेला असतो आणि खाली मूल अभ्यासाला बसलेलं असतं. बल्ब आणि पुस्तक यांच्यातलं अंतर निम्मं केलं तर पुस्तकावर जवळजवळ चौपट उजेड पडतो, एक पैसाही जास्त न घालता. वडगाव-शहापूरच्या विणकरांना हे सांगावं लागत नाही, मागावर दिवा खालीच लोंबकळत ठेवतात. स्वयंपाकघराच्या भिंती धुरानं काळवंडल्या असतील तर आधी चुना मारा. काळी भिंत उजेड गिळते.

४. उष्णता कुठे जाते ते बघा. पिवळा बल्ब दहा मिनिटं चालू ठेवा आणि वीतभर अंतरावर हात धरा. धग लगेच लागते. काचेला हात लावू नका, ती शंभर अंशांच्या वर गेलेली असते. गणपतीच्या आराशीत थर्माकोल, कागद, कापड याजवळ असा बल्ब किंवा हॅलोजन अजिबात नको. दिव्याच्या शेडवर 'जास्तीत जास्त ४० वॅट' लिहिलेलं असेल तर ते उष्णतेसाठीच, त्याच्या पुढे जाऊ नका. एलईडीची टोपी थंड लागते, पण होल्डरकडचा भाग तापतो. हवा न लागणाऱ्या बंद शेडमध्ये आतलं सर्किट तापून लवकर जातं, आणि लोक म्हणतात, "एलईडी टिकत नाही."

५. जिथे ऊबच हवी, तिथे एलईडी नको. खानापूरकडे आमच्या ओळखीच्या एका काकूंनी पावसाळ्यात कोंबडीच्या पिल्लांवरचा पिवळा बल्ब काढून "वीज वाचते" म्हणून एलईडी लावला. उजेड छान पडला, पण रात्री पिल्लं एकमेकांवर चढून गोळा झाली. एलईडीची सगळी मिळून ९ वॅटची ऊब, ती पिल्लांना काय पुरणार? पहिल्या आठवड्यात पिल्लांना ३२ ते ३५ अंश ऊब लागते, मग दर आठवड्याला तीनेक अंश कमी करत जायचं. तारेचा बल्ब पिल्लांच्या वर दीडेक फुटावर टांगा, पेंढ्यापासून लांब, आणि दोरीनं पक्का बांधा, नुसत्या वायरवर लटकवू नका. मग पिल्लांकडे बघा. बल्बखाली दाटीवाटीनं बसली तर थोडा खाली घ्या, कडेला पळून चोच उघडून बसली तर वर घ्या. सगळीकडे पसरून दाणे टिपायला लागली, की बल्ब तिथेच राहू द्या.