सावली एकच, मंग शेड म्हणाव का शॅडो?

आमच्या ओसरीत संध्याकाळी गल्लीतले पाच-सात पोट्टे अभ्यासाले बसतात. परवा त्यातल्या एका पोरीनं निबंधात लिहिलं, माय शेड इज व्हेरी लाँग. आता तिची तरी काय चूक, आपण दोन्हीले सावलीच म्हणतो ना बाप्पा. पडछाया शब्द आहे मराठीत, पण वावरात कोणी म्हणते का "माही पडछाया पाय" म्हणून?

तर आधी इंग्रजी सोडा अन् सावलीकडं पाहा. कोळसा घेऊन तिच्या कडेनं रेघ मारता येते का? माणूस, बैल, विजेचा खांब, ज्याची सावली त्याचा आकार दिसते, तर ती शॅडो. आकाराशी काही घेणंदेणं नाही, नुसतं ऊन लागत नाही अन् जिवाले बरं वाटते, तर ती शेड. म्हणजे दुपारी निंदणाच्या बाया लिंबाखाली शिदोरी सोडतात ती शेड, अन् तेच लिंबाचं झाड भिंतीवर फांद्यांसकट उमटलं तर शॅडो. झाड एकच, ऊन एकच, तुम्ही काय पाहून राहिले त्यावर शब्द ठरते.

शॅडो मोजता येते, अ शॅडो, टू शॅडोज. सावलीवाल्या शेडच्या आधी अ नाही लावायचा, सम शेड नाहीतर द शेड म्हणा. (रंगाची शेड मोजता येते बरं, पेंटच्या दुकानातलं शेड कार्ड आठवा.) अन् आपण झाडाखाली म्हणतो म्हणून पोट्टे हमखास अंडर द शेड लिहितात, तिथं इन द शेड पाहिजे. झाड डोक्यावर असते, सावली नाही, आपण तिच्यात असतो.

इन द शॅडो ऑफ द ट्री लिहिलं तर व्याकरणात मार्क जाणार नाहीत, पण त्यात गारवा नाही, अंधारच जास्त.

गंमत म्हणजे दोन्ही शब्द जुन्या इंग्रजीतल्या एकाच शब्दाची दोन रूपं आहेत, आपलं कसं घोडा असते अन् प्रत्यय लागला का घोड्या होते, तसंच. म्हणजे त्यांच्या पूर्वजांकडंही सावली एकच होती.

लक्षात ठेवायले आपल्याकडचीच उदाहरणं घ्या. रोपवाटिकेतलं ५० टक्क्यांचं शेडनेट, ते अर्धं ऊन अडवते, तिथं आकाराचं काम नाही म्हणून शेड. उन्हाळ्यात ४५ डिग्री ऐकतो ते तापमानही सावलीतलंच असते, इन द शेड. अन् नागपूरकडं मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात एका दिवशी दुपारी सव्वाबाराच्या आतबाहेर सूर्य बरोबर डोक्यावर येते, उभ्या काठीची सावली दिसतच नाही, तो झिरो शॅडो डे. झिरो शेड डे नाही म्हणत त्याले, कारण लिंबाखाली तेव्हाही सावली असतेच. परत जुलैतही येते तो दिवस, पण तेव्हा आभाळ भरलेलं, कोण पाहते.

आता राहिला टिनाचा शेड. तो शब्दच वेगळा, स्पेलिंग एस एच ई डी, अन् सावलीवाली एस एच ए डी ई, तिथं ए लांबवून म्हणायचा. तसं टिनाच्या शेडमध्येही शेड असते म्हणा, पण मे महिन्यात घडीभर बसून दाखवा तिथं.