बाभळीचं सरपण फोडताना

सोलापूरकडं सरपण म्हटलं की बाभूळ आलीच. ओली असताना ती बऱ्यापैकी फुटते, वाळली की दगड होते. म्हणून खोडाचे हात-दीड हाताचे तुकडे करून ओले असतानाच फोडावेत आणि मग वाळत घालावेत.

आधी कुऱ्हाडीचा दांडा तपासा. उन्हाळ्यात पारा चाळिशीपार गेला की दांड्याचं लाकूड आकसतं आणि तो नेढ्यात, म्हणजे पात्याच्या भोकात, सैल पडतो. पातं जरा जरी हललं तरी नवी पाचर ठोकल्याशिवाय कुऱ्हाड उचलू नका. दांडा पाण्यात भिजवून घट्ट करायची सवय घातक आहे, वाळल्यावर तो आधीपेक्षा सैल होतो. तडा गेलेला दांडा तार गुंडाळून वापरू नका, बदलाच.

पायात पुढे लोखंडी टोपी असलेले सेफ्टी बूट हवेत. चपलेतून बाभळीचा काटा आरपार जातो, कुऱ्हाडीची तर गोष्टच सोडा. डोळ्यांवर गॉगल घाला, तोही कडेनं बंद असलेला. उन्हाचा काळा चष्मा ढलपी अडवत नाही. सैल हातमोज्यात दांडा फिरतो, म्हणून ते हाताला घट्ट बसणारे घ्या. गळ्यात टॉवेल नको. पोरांना, जनावरांना निदान पंधरा फूट लांब ठेवा.

खाली ठोकळा हवाच, गुडघ्यापेक्षा थोडा बुटका आणि चांगला रुंद. ओंडका त्याच्या पलीकडच्या कडेजवळ उभा करा. वार अलीकडे पडला तर पातं ठोकळ्यात रुतावं, नडगीवर येऊ नये, यासाठी ही मांडणी. पाय खांद्याइतके फाकवून सरळ समोर उभे राहा. कुऱ्हाड वर नेताना एक हात पात्याजवळ असतो, खाली आणताना तो दांड्यावरून घसरत दुसऱ्या हाताशी येतो. वार पडताना गुडघे वाकवा, म्हणजे पातं सरळ खाली उतरतं. पाय ताठ राहिले तर ते गोल फिरून पायाकडे येतं.

ओंडक्यावर आधीच पडलेली भेग शोधून तिच्याच रेषेत वार करा. जाड ओंडका मधोमध फोडायचा हट्ट नको, कडेकडेनं फाळी काढा. गाठ असेल तिथं पोलादी पाचर आणि घण वापरा. पाचरेची कड ठोकून ठोकून फुलली असेल तर आधी ती घासून घ्या, नाहीतर लोखंडाची चीप उडते. कुऱ्हाड अडकली तर दांडा आडवा पिळू नका, तो नेढ्याजवळच मोडतो. टोकाशी धरून वर-खाली हलवा, पातं सुटतं.