ज्वारी, जवस आणि नाशिकची वाइन : या चुका टाळा

अमरावती जिल्ह्यातल्या दर्यापूर तालुक्यातल्या आमच्या शेतावर हिवाळ्यात हुरड्यासाठी आणि उन्हाळ्यात सुट्टीसाठी पाहुणे येतात. गेल्या काही वर्षांत त्यांच्या पिशव्यांतून निघणाऱ्या वस्तू बदलल्या आहेत. कोणी मिलेटच्या पिठाची पाकिटे आणतो, कोणी फ्लॅक्स सीड्सची बरणी, तर कोणी नाशिकची वाइन. या वस्तूंविषयी माझी तक्रार नाही, कारण त्यांतल्या बहुतेक चांगल्या आहेत. तक्रार आहे ती त्यांच्या हाताळणीविषयी. आपण घाई करतो, आपल्याकडची हवा आणि आपले तिखट विचारात घेत नाही, आणि पदार्थ बिघडला की दोष त्या वस्तूच्या माथी मारतो.

सर्वांत जास्त नुकसान करणारी चूक म्हणजे वैशाखात वाइनची बाटली कपाटावर किंवा गाडीच्या डिकीत ठेवणे. वाइन साठवण्यासाठी साधारण १२ ते १५ अंश सेल्सिअस तापमान लागते. अमरावती-अकोल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि टिनाच्या घरात तर रात्रीही अंगाची लाही होते. अशा उष्णतेत बाटलीतला द्रव प्रसरण पावतो, बूच वर सरकते, आत हवा शिरते आणि फळाचा ताजा वास जाऊन शिजवलेल्या मनुकांसारखा जड वास येऊ लागतो. एकदा असे झाले की ती बाटली पुन्हा थंड करूनही उपयोग नसतो. लाल वाइन खोलीच्या तापमानाला प्यावी, हा सल्ला अनेकांनी कुठेतरी ऐकलेला असतो, पण तो सल्ला ज्या देशांतून आला तिथली खोली १६ ते १८ अंशांची होती, आपल्या स्लॅबखालची नव्हे.

माझा पुतण्या नाशिकजवळच्या एका द्राक्षबागेत कामाला आहे. तिकडे वाइनच्या द्राक्षांची काढणी साधारण जानेवारी ते मार्च या काळात होते. एका वर्षी, ज्या काढणीत तो स्वतः राबला होता तिच्या शिराझ या लाल वाइनच्या चार बाटल्या त्याने मे महिन्यात घरच्या लग्नासाठी आणल्या. आम्ही त्या गाडीत ठेवल्या, आणि गाडी सकाळी दहापासून संध्याकाळी पाचपर्यंत मांडवाबाहेर उन्हात उभी राहिली. रात्री बाटल्या काढल्या तेव्हा दोन बुचे बोटभर वर आलेली होती आणि वेष्टन चिकट झाले होते. तरीही त्या उघडल्या गेल्या. पाहुण्यांनी एकेक घोट घेतला आणि ‘आपल्या देशी वाइनमध्ये दम नाही, घ्यायची तर परदेशी घ्यावी’ असा निकाल दिला. पुतण्याने चव घेतली, ग्लास खाली ठेवला आणि मला बाजूला घेऊन एवढेच म्हणाला, “काका, ही चव आमच्या बागेची नाही.” त्याच्या तीन महिन्यांच्या कष्टांची नासाडी आम्ही सात तासांत केली होती, आणि ते मला आजही बोचते.

तेव्हापासून मार्च ते जून या काळात आमच्या घरी येणारी प्रत्येक बाटली, लाल असो वा पांढरी, थेट फ्रिजमध्ये जाते. लाल वाइन वाढण्याआधी दहा मिनिटे बाहेर काढली तरी पुरते, कारण आपल्या उन्हाळ्यात बाटली गरम व्हायला वेळ लागत नाही. वीज गेली तर मी बाटली ओल्या पोत्यात गुंडाळून माठाशेजारच्या ओल्या रेतीत आडवी ठेवतो. हवा कोरडी असेपर्यंत पाण्याची वाफ होताना चांगला गारवा मिळतो, पण पावसाळ्यात या उपायाचा फारसा उपयोग नाही. प्रवासात बर्फाचा डबा सोबत नसेल, तर उन्हाळ्यात बाटली विकतच घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

स्वस्त वाइन वर्षानुवर्षे जपून ठेवल्याने ती उंची होत नाही. ५०० ते १,००० रुपयांच्या बहुतेक बाटल्या वर्ष-दोन वर्षांत पिण्यासाठीच केलेल्या असतात, म्हणून पांढरी घेताना लेबलवरचे वर्ष पाहून सर्वांत अलीकडची घ्यावी. बुचाऐवजी फिरकीचे झाकण आहे म्हणून बाटली हलकी समजू नये. आपल्या हवेत मला तेच झाकण अधिक भरवशाचे वाटते. उघडलेली बाटली झाकण लावून फ्रिजमध्ये ठेवावी आणि तीन-चार दिवसांत संपवावी.

सावजी रश्शाबरोबर लाल वाइन देणे ही दुसरी नेहमीची चूक आहे. अल्कोहोलमुळे मिरचीची आग वाढते, आणि लाल वाइनमधला तुरटपणा तिखटापुढे कडवट लागतो. नाशिकची किंचित गोडसर शेनिन ब्लांक ही पांढरी वाइन चांगली गार करून दिली तर ती भरल्या वांग्यांशी किंवा पातोडीच्या रश्शाशी जुळते. लाल वाइन हवीच असेल, तर ती रोडगे आणि कमी तिखटाच्या वरणाबरोबर घ्यावी. सावजी मटणाच्या पंगतीत मी कोणतीच वाइन ठेवत नाही, कारण तिथे दोन्ही पदार्थांचे नुकसान होते.

वाइन म्हणजे दारू नव्हे, असे मानून ती गाडीत टाकून निघणे तर अडचणीत आणणारे आहे. वर्धा जिल्ह्यात १९७४ पासून आणि गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे, तिच्यातून वाइन सुटलेली नाही, आणि नागपूरहून अमरावतीला येणारा महामार्ग कारंजा घाडगे व तळेगावमार्गे वर्धा जिल्ह्यातूनच जातो. ‘वाइन हृदयाला चांगली’ हे वाक्यही आता सोडून द्यावे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये दारूचे कोणतेही प्रमाण सुरक्षित म्हणता येत नाही, असे सांगितले आहे. प्यायची तर चवीसाठी आणि थोडी प्यावी, औषध म्हणून पिऊ नये.

आता भाकरीकडे वळतो, कारण तिच्यावर होणारा अन्याय मला वाइनपेक्षाही जास्त लागतो. संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे भरड धान्यांचे वर्ष म्हणून साजरे केले आणि ज्यांच्या घरातून ज्वारी हद्दपार झाली होती त्यांनी ती पाकिटातून परत आणली. याचा मला मनापासून आनंद झाला. सोयाबीन आणि कपाशीच्या मागे लागून आमच्याच गावात ज्वारीचा पेरा इतका घटला आहे की खाण्यापुरती ज्वारीही अनेकांना विकत आणावी लागते. पण पाकीट आणणाऱ्यांना भाकर दहा मिनिटांत जमायला हवी असते. एका हिवाळ्यात पुण्याहून आलेल्या एका पाहुण्या मुलीने सकाळभर भाकरी थापल्या. प्रत्येक भाकर कडेने फाटत होती, परातीतून उचलताना तुटत होती, आणि शेवटी ‘ज्वारीत काही राम नाही’ म्हणून तिने त्यात मूठभर कणीक मिसळली. माझ्या आईने पिठाची चिमूट जिभेवर ठेवली आणि म्हणाली, “पीठ जुनं हाय बाई, ज्वारीले काऊन बोल लावतं?” पाकिटावरची तारीख पाहिली तर ते पाच महिन्यांपूर्वीचे निघाले.

ज्वारीत ग्लुटेन नसते, त्यामुळे गव्हाच्या कणकेसारखी ताण धरणारी जाळी तिच्या पिठात तयार होत नाही. पीठ जुने झाले, म्हणजेच त्याची विरी गेली, की उरलासुरला चिकटपणाही जातो, आणि अंकुराच्या भागातले तेल खराब होऊन कडवट चव येते. म्हणून ज्वारी धान्याच्या रूपातच साठवावी आणि दहा-बारा दिवसांपुरतीच दळून आणावी. जुने पीठ वापरावेच लागले तर उकळते पाणी घालून थोडा वेळ झाकून ठेवावे. त्यामुळे स्टार्च फुलतो आणि पीठ धरते. त्यानंतर तळहाताच्या टाचेने एकेका भाकरीपुरतेच पीठ मळावे. सगळे पीठ एकदम मळून ठेवण्याची सवय पोळी करणाऱ्यांची असते आणि भाकरीला ती घातक ठरते. भाकर तव्यावर टाकताच वरच्या बाजूला पाणी फिरवावे आणि ते पूर्ण सुकण्याआधी उलटावे. या दोन क्षणांत जो मोबाइल पाहतो, त्याची भाकर फुगत नाही.

पाच धान्यांच्या मिश्र पिठापासून सुरुवात करू नये. आधी एकट्या ज्वारीवर हात बसवावा, मग उडीद मिसळून कळण्याची भाकर करावी.

मिलेट बिस्किटे घेताना घटकांची यादी वाचावी. यादीत वजनाने सर्वांत जास्त असलेला घटक पहिला छापावा लागतो, आणि तिथे मैदा असेल तर पाकिटावरचे कणसाचे चित्र विसरून जावे. फ्लॅक्स सीड्स म्हणजे आपले जवसच आहे. ते अख्खे गिळले तर बरेचसे न पचताच बाहेर पडते, आणि पूड करून महिनोन्‌महिने ठेवली तर तिला खवट वास येतो. आमच्याकडे जवस मंद आचेवर भाजून, लसूण, मीठ आणि तिखट घालून आठवड्यापुरतीच चटणी कुटली जाते. महागड्या डबीत मिळणारा हिबिस्कस टीदेखील लाल अंबाडीच्या बोंडांचाच असतो, आणि बांधावर ती अंबाडी उभी असेल तर डबी मागवण्याआधी हिवाळ्यात बोंडांच्या पाकळ्या सोलून सावलीत वाळवाव्यात.