कमांड बरोबर, रनटाइम भलतंच: डेटाबेसवाल्यांनो, या चुका टाळा

ग्वाल्हेरच्या दाल बाजारातल्या एका आडत्याच्या कचेरीतले संगणक मी सांभाळते. तिथल्या हिशेबाच्या मशीनवर जावाच्या, म्हणजे प्रोग्रॅम चालवणाऱ्या रनटाइमच्या, दोन आवृत्त्या नांदतात आणि त्याला इलाज नाही. डिजिटल सहीचं जुनं सॉफ्टवेअर जावा ८ वरच चालतं. ऑरॅकल डेटाबेसमधून रोजची आवक काढायला आम्ही एसक्यूएलसीएल हे कमांडचं साधन वापरतो, आमच्याकडच्या त्याच्या आवृत्तीला निदान ११ लागतं. माझ्याकडे शिकणारा शिंदे की छावणीतला एक मुलगा तिथे मदतीला येतो. एका संध्याकाळी त्याचा रडवेला फोन आला. "ताई, तीनदा जावा टाकलं, तरी तीच एरर येतेय!"

तीनदा टाकलं, हीच चूक. एरर आली की काढा आणि पुन्हा टाका, ही सवय आपल्याकडे फार पसरली आहे. त्यामुळे मशीनवर आणखी एक आवृत्ती येऊन बसते आणि गुंता वाढतो. खरं तर उत्तर त्या एररमध्येच लिहिलेलं होतं. मी त्याला ती मोठ्याने वाचायला लावली. ‘अनसपोर्टेड क्लास व्हर्जन एरर’, आणि पुढे दोन आकडे: फाइल ५५.० ची आहे, हे जावा ५२.० पर्यंतच ओळखतं. या आकड्यांतून ४४ वजा करा. ५५ म्हणजे जावा ११, ५२ म्हणजे जावा ८. कुठे ६१ दिसलं तर १७, ६५ दिसलं तर २१. म्हणजे साधन ११ मागत होतं आणि त्याच्या पुढ्यात ८ येत होतं.

"पण ताई, व्हर्जन विचारलं तर १७ दाखवतंय की!"

बहुतेकांची फसगत इथेच होते. टर्मिनलमध्ये व्हर्जन विचारल्यावर पाथमध्ये, म्हणजे कमांड शोधायच्या फोल्डरांच्या यादीत, जे जावा आधी सापडेल ते उत्तर देतं. पण जावावर चालणाऱ्या बऱ्याच साधनांची सुरुवातीची स्क्रिप्ट आधी जावाचं फोल्डर सांगणारं ‘जावा होम’ हे व्हेरिएबल बघते, आणि सहीचं सॉफ्टवेअर बसवताना कोणीतरी ते ८ च्या फोल्डरकडे वळवून ठेवलं होतं. तेव्हा दोन गोष्टी तपासा: जावा होममध्ये नेमकं काय आहे, आणि बॅशमध्ये (टर्मिनलमधल्या कमांड चालवणारं शेल) ‘टाइप’ला ‘-ए’ जोडून जावा विचारलं तर किती ठिकाणचे पत्ते निघतात. नवी आवृत्ती टाकूनही त्याच खिडकीत जुनीच धावत असेल तर ‘हॅश -आर’ करा. बॅश जुना पत्ता लक्षात ठेवतं.

मुलगा म्हणाला, मग जावा होम कायमचं १७ करून टाकतो. नको. दुसऱ्या दिवशी सही अडली असती आणि शेठजींचा फोन मला आला असता. आम्ही चार ओळींची छोटी स्क्रिप्ट केली. ती फक्त स्वतःपुरतं जावा होम १७ कडे वळवते आणि मग एसक्यूएलसीएल सुरू करते. बाकी मशीन जसंच्या तसं राहिलं.

पायथन या भाषेच्या बाबतीत हीच चूक जास्त महागात पडते. उबुंटू २४.०४ या लिनक्स प्रणालीसोबत पायथन ३.१२ येतं आणि त्या आवृत्तीतून ‘असिंककोअर’ हे मॉड्यूल काढून टाकलं आहे. त्यामुळे कॅसँड्रा डेटाबेसचं कमांडचं साधन, जुनं सीक्यूएलएसएच, सुरू होतानाच कोसळतं. अशा वेळी मुलं सरळ सिस्टिमचंच पायथन बदलतात. मग सॉफ्टवेअर बसवणाऱ्या ‘एपीटी’शी जोडलेली सिस्टिमची साधनं मॉड्यूल सापडत नाही म्हणून कुरकुरू लागतात. सिस्टिमच्या पायथनला हात लावू नका. जुनी आवृत्ती शेजारी वेगळी टाका, आणि सीक्यूएलएसएचची आवृत्ती फार जुनी नसेल तर ‘सीक्यूएलएसएच पायथन’ या व्हेरिएबलमधून तिचा पत्ता द्या.

एक चूक माझ्या हातून झाली, ती सांगितलीच पाहिजे. आम्ही पोस्टग्रेस या दुसऱ्या डेटाबेसचा सर्व्हर १३ वरून १६ वर नेला. त्याचा बॅकअप घेणारा नवा पीजीडंप वेगळ्या फोल्डरमध्ये होता, त्याचा पाथ मी बॅशच्या सेटिंगच्या फाइलीत, बॅशआरसीत, लिहिला, हाताने बॅकअप घेऊन पाहिला, छान झाला. रात्रीचं काम मात्र ठरलेल्या वेळी कमांड चालवणाऱ्या क्रॉनवर होतं. क्रॉन बॅशआरसी वाचत नाही, त्याचा पाथ अगदी तोकडा असतो, म्हणून त्याला जुना १३ चा पीजीडंप सापडत राहिला. पीजीडंप स्वतःपेक्षा नव्या मुख्य आवृत्तीच्या सर्व्हरचा डंप घेत नाही. ‘सर्व्हर व्हर्जन मिसमॅच’ म्हणून थांबतो. नवा पीजीडंप आणि जुना सर्व्हर चालतं, उलटं नाही. आणि घातक भाग असा की बाणाच्या खुणेने आउटपुट फाइलमध्ये वळवलेलं असलं, तर कमांड धावण्याआधीच शेल ती फाइल तयार करतं. रोज सकाळी योग्य तारखेची फाइल दिसायची. पाच दिवसांनी आकार पाहिला तेव्हा पाचही फाइली शून्य बाइटच्या निघाल्या. त्या पाच दिवसांत डिस्क गेली असती तर दाल बाजारातल्या त्या कचेरीच्या तेवढ्या दिवसांच्या नोंदी परत लिहून काढाव्या लागल्या असत्या. आठवलं की अजून पोटात गोळा येतो.

आता आमच्या क्रॉनमध्ये पीजीडंपचा पूर्ण पत्ता लिहिलेला असतो. स्क्रिप्टची पहिली ओळ त्याची आवृत्ती लॉगमध्ये टाकते. डंप आधी तात्पुरत्या नावाने उतरतो, आणि कमांड यशस्वी झाली व फाइल रिकामी नसली, तरच तिला त्या दिवसाची तारीख मिळते. तो मुलगा आता रोज सकाळी कचेरीत आला की आधी तो लॉग उघडतो.